दुपारी एकचा मुक्काम

मॅजिक किंगडमच्या फाटकाबाहेर पडलं की समोर तळं लागतं. नाव सात समुद्रांचं, सेव्हन सीज लगून. तळं मात्र माणसांनी खणलेलं. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळच्या या डिस्ने वर्ल्डमध्ये आपली गाडी, टॅक्सी किंवा बाहेरच्या हॉटेलची बस तळ्याच्या पलीकडच्या काठावर थांबते. तिथून अलीकडे यायला मोनोरेल, नाहीतर फेरीबोट. सकाळी नऊ वाजता ती बोट सहलीचाच भाग वाटते: अंगावर वारा, खाली पाणी आणि समोर हळूहळू मोठा होत जाणारा राजवाडा. दुपारी एक वाजता त्याच बोटीतून परत जाताना राजवाडा लहान होत जातो आणि मुलांचं रडणं मोठं.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी त्या बोटीत उभी होते. सोबत लेक, जावई, चार वर्षांची नात आणि दीड वर्षाचा नातू. आमचं हॉटेल पार्कच्या हद्दीबाहेर, ‘गाडीने फक्त पंधरा मिनिटांवर’ होतं. खोली ऐसपैस, नाश्ता फुकट, शिवाय पार्कला जायला-यायला हॉटेलचीच मोफत बस. ती सकाळी आठला आणि दहाला सुटायची. परतीला संध्याकाळी पाच आणि रात्री दहा. हे वेळापत्रक वाचताना आम्हाला काही खटकलं नव्हतं. घरात लहान मूल नसल्यासारखं आम्ही ते वाचलं होतं. एक वाजता नातवाने मान टाकायला सुरुवात केली आणि नातीने प्रत्येक गोष्टीला ‘नको’ म्हणायला. मग आधी बोटीची रांग, मग बोट, मग टॅक्सीच्या थांब्यापर्यंतची चाल, मग टॅक्सीची वाट, मग टॅक्सी. “घरी कधी जायचं?” असं नात विचारत राहिली, तिला न्यू जर्सीचं घर म्हणायचं होतं. नातू टॅक्सीत बसल्या बसल्या झोपला आणि हॉटेलच्या दारात उचलताच टक्क जागा झाला. गाडीतली दहा मिनिटांची डुलकी ही दोन तासांच्या झोपेची वैरीण असते, हे मूल वाढवलेल्यांना सांगायला नको. फाटकापासून पलंगापर्यंत दीड तास गेला आणि पलंगावर कुणीच झोपलं नाही.

संध्याकाळी जावई म्हणाला, “आई, हॉटेल तसं वाईट नाहीये हो.” खरंच होतं ते. हॉटेलात खोट नव्हती, आमच्या निवडीत होती. आम्ही ते रात्रीसाठी निवडलं होतं. लहान मुलांना घेऊन थीम पार्कला जाताना मुक्काम दुपारसाठी निवडायचा असतो.

म्हणणं एवढंच आहे. पण ते खरं मानलं तर मुक्काम निवडण्याच्या आपल्या बहुतेक फूटपट्ट्या मोडीत काढाव्या लागतात. रात्रीचं भाडं, तारे, खोलीचे फोटो, नाश्ता, पोहण्याचा तलाव, हे सगळं माणूस हॉटेलात असतानाचं आहे. आमच्या आईच्या पिढीला हे प्रश्न पडत नसत. पंढरपूरला उतरायचं असो की शेगावला, त्या बायका एकच विचारायच्या: देऊळ किती लांब? पहाटे काकड्याला जायचं असायचं, दर्शनाच्या रांगेतून सुटल्यावर सासूबाईंना पाठ टेकायला हवी असायची आणि धाकटं कडेवर असायचं. धर्मशाळेची गादी पातळ असली तरी चालायची. चाल लांब असली तर चालायचं नाही. थीम पार्कला मी तीर्थक्षेत्र म्हणत नाही. पण रांग, ऊन, गर्दी, कडेवरचं मूल आणि दमलेलं म्हातारं माणूस दोन्हीकडे सारखंच असतं, आणि मुक्काम असतो तो यांच्यासाठी.

अंतराची किंमत खुद्द वॉल्ट डिस्ने यांनाही ठेच लागल्यावरच कळली होती. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं ते १६० एकरांवर. हाताशी असलेला पैसा पार्क उभारण्यातच गेला होता, म्हणून शेजारचं डिस्नेलँड हॉटेल जॅक रॅदर या टीव्ही निर्मात्याने बांधलं आणि चालवलं. ते कंपनीच्या मालकीचं व्हायला १९८८ उजाडलं. दरम्यान कुंपणाबाहेर हार्बर बुलेव्हार्डवर मोटेलांची रांग लागली. पार्क बघायला आलेला माणूस झोपायला दुसऱ्याच्या छपराखाली जात होता आणि पैसेही तिथेच ठेवत होता. हे शल्य वॉल्ट डिस्ने यांच्या मनात राहिलं.

म्हणून फ्लोरिडात आधी जमीन घेतली गेली. वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या पुढे करून, गाजावाजा न करता. १९६५ च्या ऑक्टोबरात ऑर्लँडोच्या वर्तमानपत्राने खरा खरेदीदार कोण ते फोडलं, तोवर सुमारे २७,००० एकर हाती आले होते, तेही एकरी सरासरी दोनशे डॉलरच्या आत. हे जवळजवळ ११० चौरस किलोमीटर होतात; कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची जुनी मुंबई त्यात ठेवून वर जागा उरेल. वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये गेले. १ ऑक्टोबर १९७१ ला मॅजिक किंगडम उघडलं तेव्हा कंपनीची स्वतःची दोन हॉटेलंही त्याच्या जोडीला होती, कन्टेम्पररी आणि पॉलिनेशियन.

पाळणे आणि राजवाडा यांना २७,००० एकर लागत नाहीत. आज तिथे चार पार्क आहेत, तरी बरीचशी जमीन झाडीची आणि पाणथळ आहे. कंपनीने तेव्हा विकत घेतलं ते अंतर. हार्बर बुलेव्हार्डवरचा मोटेलवाला पुन्हा कधी फाटकाशी येऊन बसू नये, यासाठी घेतलेलं अंतर. ते घाऊकीत घेतलं आणि तेव्हापासून ते किरकोळीत विकणं चालू आहे. हॉटेलच्या बिलात आपण खोलीचे पैसे देतो असं आपल्याला वाटतं. त्यातला मोठा हिस्सा वाटेचा असतो. व्यापार म्हणून यात गैर काही नाही. पण आपण वाट विकत घेतोय हे माहीत असलं तर निदान चांगली वाट घ्यावी.

डिस्ने वर्ल्डची स्वतःची हॉटेलं पंचवीसपेक्षा जास्त आहेत आणि कंपनीने त्यांचे वर्ग पाडले आहेत: व्हॅल्यू, मॉडरेट, डीलक्स आणि स्वयंपाकघरवाले व्हिला. व्हॅल्यू वर्गात रात्रीचं भाडं हंगामाप्रमाणे दीडशे-दोनशे डॉलरपासून सुरू होतं. मोनोरेलच्या कडेची कन्टेम्पररी, पॉलिनेशियन आणि ग्रँड फ्लोरिडियन पाचशे-सहाशेच्या पुढे जातात आणि नाताळात तर विचारायलाच नको. हे आकडे पाहून वाटतं, व्हॅल्यू म्हणजे गैरसोय. पण खोलीकडे पाठ फिरवून वाटेकडे बघा. स्वस्तातल्या ऑल-स्टार हॉटेलांची बससुद्धा प्रवाशांना मॅजिक किंगडमच्या फाटकाजवळ सोडते. बाहेरच्या झगमगीत हॉटेलात उतरलेला माणूस पलीकडच्या काठावर उतरतो, गाडी स्वतःची असेल तर पार्किंगचे तीसेक डॉलर भरतो आणि मग बोटीच्या रांगेत लागतो. लहान मुलाच्या दृष्टीने गादीच्या जाडीपेक्षा हा फरक मोठा आहे, आणि खोल्यांच्या फोटोंत तो दिसत नाही.

उलटही खरं आहे: महाग म्हणजे जवळ असंही नाही. ॲनिमल किंगडम लॉज हे २००१ साली उघडलेलं हॉटेल डीलक्स वर्गातलं. तिथे माळावर जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात आणि त्यातल्या सना नावाच्या उपाहारगृहात नान आणि नऊ प्रकारची तोंडीलावणी मिळतात, तेव्हा आपल्या माणसाचा जीव तिथे रमतो. मला विचाराल तर तिथली शोभा सजावटीची नाही, ते खरे प्राणी आहेत. मुलाने सकाळी उठून जिराफ बघावा याला मी फाजील चैन म्हणणार नाही. पण तिथून मोनोरेल नाही, बोट नाही, फक्त बस, आणि मॅजिक किंगडम आवाराच्या दुसऱ्या टोकाला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या स्कायलायनरचंही तसंच. हवेतून तारेवर सरकणाऱ्या त्या डब्यांत बाबागाडी घडी न करता जाते, झोपलेलं मूल झोपलेलंच राहतं, म्हणून आयांमध्ये त्याची कीर्ती आहे. पण तो एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांना जातो, मॅजिक किंगडमला जात नाही. पॉप सेंचुरी किंवा आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलांतून निघालेल्यांना कॅरिबियन बीचच्या स्थानकावर डबा बदलावा लागतो, आणि वीज कडाडायला लागली की सगळंच थांबतं. पाच वर्षांखालच्या मुलाचं खरं पार्क मॅजिक किंगडम, कारण उंचीची पट्टी न लावता बसू देणारे पाळणे सर्वांत जास्त तिथे आहेत. स्पेस माउंटनला ११२ सेंटीमीटर उंची लागते, ट्रॉनला १२२. डम्बोच्या हत्तीला काहीच लागत नाही. मूल कुठे जाणार हे आधी ठरवावं आणि वाट त्या दिशेची घ्यावी. आपण वाट सुंदर दिसली म्हणून घेतो आणि मग मूल तिकडे नेतो.

यावर कुणी म्हणेल, सरळ सांगा ना, कंपनीच्याच हॉटेलात राहा म्हणून. तसं सांगता येत नाही, कारण अनाहाइमला हेच गणित उलटतं. १६० एकरांच्या त्या जुन्या पार्काभोवती कंपनीला अंतर विकत घेता आलं नव्हतं. हार्बर बुलेव्हार्डवरची काही मोटेलं आजही फाटकापासून दहा मिनिटांच्या चालीवर आहेत, खुद्द डिस्नेलँड हॉटेलापेक्षाही जवळ. मूल पेंगायला लागलं की रस्ता ओलांडायचा आणि खोलीत जायचं. ना बस, ना बोट. वॉल्ट डिस्ने यांच्या डोळ्यांत सलणारी ती मोटेलांची रांग कडेवर मूल असलेल्या आईला मात्र देवासारखी धावून येते. आतलं की बाहेरचं, स्वस्त की महाग, तीन तारे की पाच, यातलं एकही माप दोन्ही ठिकाणी टिकत नाही. टिकतं ते एकच: दुपारी एक वाजता मूल फाटकापासून पलंगापर्यंत कसं जाणार?

हा प्रश्न मिनिटांनी सोडवायला जाऊ नये. ‘पंधरा मिनिटं’ हा शब्द आम्हाला नडला होता. मिनिटं रिकाम्या हातांच्या माणसाची असतात. मोजायचं ते हे, की झोपाळलेल्या मुलाला वाटेत किती वेळा उचलावं लागेल, बाबागाडी किती वेळा मिटावी लागेल आणि किती ठिकाणी नक्की वेळ माहीत नसताना ताटकळावं लागेल. एकदाच बसायचं आणि एकदाच उतरायचं असेल तर चाळीस मिनिटंही चालतात. चार बदल असतील तर पंचवीस मिनिटांतही मूल हातचं जातं. आणि जी सोय आहे ती एक वाजता चालू असते का, हे विचारायला विसरू नये. सकाळी नेणारी आणि रात्री आणणारी बस मोठ्यांची असते.

“एवढे पैसे भरून दुपारी झोपायला परत यायचं?” हा आक्षेप माझ्या जावयाचा, आणि तो अनेक बापांचा असतो. तिकिटाचा दर तासावर भागून बघणारा माणूस दुपारचे तीन तास वाया गेले असं धरतो. पुण्यात वाढलेल्या मला वामकुक्षीची बाजू मांडायला फारसा अभ्यास लागत नाही, पण फ्लोरिडात तिची बाजू हवामानच मांडतं. उन्हाळ्यात तिथे सकाळ तापते आणि दुपारी ढग भरून येतात. गडगडाट सुरू झाला की उघड्यावरचे पाळणे थांबवतात, आणि हजारो माणसं छपराखालच्या रांगांत शिरतात. तुम्ही झोपून जे गमावता ते दिवसातले सर्वांत वाईट तास असतात. चांगले तास सकाळचे. डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना रोज कुठल्याही पार्कात अर्धा तास आधी सोडतात. भारतातून थेट गेलेल्या कुटुंबांना तर याचा दुहेरी फायदा. तिथल्या उन्हाळ्यात आपलं घड्याळ साडेनऊ तास पुढे असतं. मूल पहाटे चारला टक्क डोळे उघडून बसतं, तेव्हा लवकरच्या प्रवेशासाठी त्याला उठवायला लागत नाही. पण तिथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा त्याच्या अंगात भारतातले रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. अशा मुलाला मिरवणुकीसमोर उभं करून ‘बघ ना, मिकी बघ ना’ म्हणणं ही करमणूक नव्हे.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. जवळचा मुक्काम बहुधा महाग पडतो. त्यावर माझं उत्तर असं: रात्री कमी करा. तिकिटांची रचना अशी असते की दिवस वाढवले की दर दिवसाचा भाव उतरत जातो. चौथा-पाचवा दिवस जवळजवळ फुकट मिळाल्यासारखा वाटतो आणि आपण तो घेतो; फुकट ते पौष्टिक हा आपला बाणा. पण पाचव्या दिवसाचं तिकीट स्वस्त असलं तरी पाचवी रात्र स्वस्त नसते, पाचव्या दिवशीचं जेवण स्वस्त नसतं आणि पाचव्या दिवशीचं मूल तर पार उसवलेलं असतं. मग एवढ्या रात्री परवडाव्यात म्हणून आपण लांबचं हॉटेल घेतो आणि लांबचं हॉटेल घेतल्यामुळे प्रत्येक दिवस अर्धा होतो. लांबून काढलेल्या सहा रात्रींपेक्षा जवळून काढलेल्या तीन रात्री मुलाला जास्त पार्क दाखवतात. तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, म्हणून ‘आत्ताच जाऊन येऊ’ असाही हिशेब होतो. त्या मुलाचं तिकीट माफ असतं, झोप माफ नसते.

तिसरा आक्षेप स्वयंपाकघराचा, आणि तो मला सर्वांत जवळचा. ऑर्लँडोजवळ किसिमी आणि डेव्हनपोर्टच्या बाजूला तीन-चार खोल्यांची, मागे पोहण्याचा हौद असलेली अख्खी घरं भाड्याने मिळतात. अमेरिकेतली मराठी कुटुंबं दोन-दोन, तीन-तीन मिळून अशी घरं घेतात आणि माणशी खर्च हॉटेलाच्या निम्म्यावर येतो. शिवाय घरात ओटा असतो, भाताचा कुकर लावता येतो, मुलांना वरणभात मिळतो. डिस्नेच्या स्वस्त खोल्यांत छोटा फ्रिज असतो, पण मायक्रोवेव्हसुद्धा नसतो. तो खालच्या खाद्यगृहात. घराची बाजू भक्कम आहे. फक्त एक प्रश्न कुणी विचारत नाही: कुकर लावणार कोण? किसिमीच्या अशा घरांत रात्री दहा वाजता ओट्याशी उभ्या असलेल्या आज्या मला भेटल्या आहेत. दिवसभर पार्कात चालून पायाला गोळे आलेले, आणि तरी ‘मुलं बाहेरचं खाऊन कंटाळली’ म्हणून फोडणी चाललेली. स्वयंपाकघर भाड्यात मिळतं, स्वयंपाकीण घरून न्यावी लागते, आणि तिचं भाडं कुणाच्या हिशेबात नसतं.

तरीही घर कधी घ्यावं हे सांगता येतं. आठवड्यातले दोनच दिवस पार्कात जायचे असतील, बाकी दिवस हौदात डुंबण्यात आणि गप्पांत घालवायचे असतील, तर ते कुटुंब खरं म्हणजे पार्कला आलेलंच नसतं. ते एकमेकांना भेटायला आलेलं असतं आणि पार्क हे निमित्त. त्यांनी खुशाल घर घ्यावं आणि ओट्याच्या पाळ्या लावाव्यात, त्यात जावयांचीही एक. पण चार-पाच दिवस रोज पार्क असेल तर ओट्यापेक्षा पलंग जवळ हवा. दीड वर्षाच्या मुलाला तीन दिवस थर्मासमधला मऊ भात, केळं आणि दही पुरतं. झोप मात्र थर्मासमध्ये नेता येत नाही.

राहिली ती खोलीची सजावट. आर्ट ऑफ ॲनिमेशनमध्ये मोटारींच्या सिनेमाचं अख्खं अंगण आहे, निमोच्या समुद्राचा भला मोठा तलाव आहे, आणि सहा माणसांच्या, दोन न्हाणीघरांच्या खोल्या आहेत. आजी-आजोबांसह जाणाऱ्यांना ती दोन न्हाणीघरं कुठल्याही राजवाड्यापेक्षा मोलाची. त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पण भिंतीवरच्या चित्रांसाठी जेव्हा आपण जास्त पैसे मोजतो तेव्हा ती चित्रं कुणासाठी असतात? चार वर्षांच्या मुलाला अंगणातली मोटार बघून आनंद होतो, हे खरं. तो आनंद अंगणात होतो. खोलीत शिरल्यावर त्याला पलंगावर उड्या मारायच्या असतात आणि त्या साध्या पलंगावरही तितक्याच उंच जातात. सजावट बहुतेक वेळा आपल्यासाठी असते, आपल्या लहानपणी जे मिळालं नाही त्याच्या भरपाईसाठी आणि फोटोंसाठी.

इथे मला जरा टोचणारं बोलायचं आहे. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं माणसाला पुढे आठवत नाही. मानसशास्त्रात ही गोष्ट पक्की मानली जाते. दीड वर्षाच्या नातवाला ती सहल कधीच आठवणार नाही. यावरून काही जण म्हणतात, मग एवढ्या लहान मुलांना न्यावंच कशाला. मी त्यातून दुसरं काढते. ज्याला आठवण राहणार नाही त्याच्यापाशी फक्त आज असतो. आपण त्या दिवसाचे फोटो जन्मभर बघणार, त्याच्या वाट्याला तो दिवसच तेवढा येणार: ऊन लागलं की नाही, पोट भरलं की नाही, झोप आली तेव्हा झोपू दिलं की नाही. आठवणी बनवायच्या म्हणून त्याचा आज मोडणं हा व्यवहार एकतर्फी आहे. मुक्काम निवडताना आपण कुणाच्या बाजूने उभे राहतो ते इथे उघडं पडतं.

हे माप सगळ्यांना लावायचं नाही हेही सांगायला हवं. मूल सात-आठ वर्षांचं झालं, दुपारी झोपेनासं झालं, पट्टीच्या वर डोकं जायला लागलं, की माझं सगळं म्हणणं रद्द समजावं. मग लांब राहा, घर घ्या, सकाळी नऊला आत शिरा आणि रात्रीची आतषबाजी बघून बाहेर पडा. जवळच्या मुक्कामाला जास्त पैसे देण्याची मुदत मुलाच्या आयुष्यात फार थोडी असते. म्हणून तर त्या थोड्या वर्षांत ते द्यावेत.

हा प्रश्न फक्त अमेरिकेचाही नाही. खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झालं आणि दोन वर्षांनी त्याच्या शेजारीच हॉटेल उभं राहिलं. आपल्याकडची रीत तरीही एका दिवसाची: मुंबई-पुण्याहून भल्या पहाटे निघायचं, रात्री उशिरा परतायचं. शाळेच्या सहलीला हे ठीक. पण तीन वर्षांचं मूल घेऊन पुण्याहून बोरघाट उतरायचा, दिवसभर उन्हात फिरायचं आणि रविवारी रात्री एक्स्प्रेसवेच्या गर्दीत तोच घाट चढायचा, यात मुलाच्या वाट्याला पार्क येतं किती आणि गाडी किती? ‘दोन तासांवर तर आहे, राहायचं कशाला’ हे वाक्य मला आमच्या पंधरा मिनिटांच्या हॉटेलचं भावंड वाटतं. परवडत असेल तर वर्षातून दोनदा धावत जाण्यापेक्षा एकदा जाऊन एक रात्र काढावी, आणि ती रात्रीसाठी न काढता तिच्या आधीच्या दुपारसाठी काढावी.

गेल्या वर्षी आम्ही ऑर्लँडोला पुन्हा गेलो. या वेळी सहाऐवजी तीन रात्री, डिस्नेच्याच एका स्वस्त हॉटेलात. खोली एवढीशी; एक पलंग दिवसा भिंतीला मिटलेला असतो आणि तो खाली ओढला की टेबल नाहीसं होतं. दाराबाहेर कुठल्याशा खेळण्याचा चार मजली पुतळा. लेकीने पहिल्या दिवशी फोटोही काढला नाही. एक वाजता फाटकाजवळच्या थांब्यावर बसमध्ये चढलो, एकदाच, उतरलो, एकदाच. साडेतीन वर्षांचा नातू बापाच्या खांद्यावर झोपला तो तसाच पलंगावर गेला. नात आडवी पडून चित्रांचं पुस्तक बघत होती. बाहेर गडगडायला लागलं. तासाचा हिशेब मांडणारा जावईही घोरायला लागला, तेव्हा मी पडदा ओढून घेतला.

साडेतीनला नातू उठला. पाऊस थांबला होता. बूट शोधत त्याने विचारलं, “आता परत जायचं?” त्याला पार्क म्हणायचं होतं.